देठासकट फुलं

माझ्या नवऱ्याने एकोणीस वर्षं आखातात दुसऱ्याच्या बंगल्यात फुलं वाढवली आणि मी एकोणीस वर्षं ती फोटोत बघितली. आधी पाकिटातून फोटो यायचे, पुढे व्हिडिओ कॉल आले. सकाळी बागेत उभं राहून ते मला एकेक वाफा दाखवायचे, हा झिनिया, हा कॉसमॉस, हा अ‍ॅस्टर, आणि मी इकडे गॅसवर दूध ठेवून "हो हो, छान आहे" करत राहायची. पत्रा गळतोय, पंप जळलाय, तुमच्या आईचे डोळे दाखवायला न्यायचेत, हे सांगायला मला दोन मिनिटं मिळायची आणि फुलांना दहा. एकदा मी भडकून म्हटलंच, "वाळवंटात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. या आणि इथे एक झाड लावून दाखवा." ते हसले. माझ्या रागावर हसणारा तो एकच माणूस होता. बाकीचा मोहल्ला मला वचकून असतो.

गेल्या पावसाळ्यात ते कायमचे परत आले. बॅगेत सगळ्यांसाठी काहीबाही होतं आणि माझ्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. उघडला तर आत कागदाच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर पेनाने मराठीत नाव लिहिलेलं. त्या बागेतली फुलं झाडावरच वाळू देऊन त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेलं बी होतं ते.

"पाऊस सरू दे," ते म्हणाले. "तिकडं पण थंडीतच टाकतांत. ह्या थंडीत तुला दाखवतो."

सप्टेंबरमध्ये उघडीप मिळाली तशी त्यांनी मागच्या अंगणात चार वाफे खणले, शेणखत मिसळलं आणि वर माडाच्या झावळ्या घालून झाकून ठेवले. भातकापणी सुरू झाली त्या आठवड्यात एका सकाळी छातीत दुखतंय म्हणून ओट्यावर बसले. गाडी म्हसळ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. वाफे तसेच राहिले, डबा कपाटावर राहिला.

आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. कब्रस्तान आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, घरापासून चालत तीन मिनिटांवर. पण आमच्याकडे बायका जनाज्यासोबत जात नाहीत, आणि नंतरही आत जात नाहीत. पुरुष घेऊन गेले. मी आतल्या खोलीत बसले होते आणि कलमा म्हणणारे आवाज गल्लीतून लांब जाताना ऐकत होते. तासाभराने धाकटा दीर हातपाय धुऊन आला. मी विचारलं, "कुठे ठेवलं?"

"आत शिरल्यावर, आंब्याच्या बाजूला, भाभी."

"आंब्याच्या कुठल्या बाजूला?"

तो गोंधळला. असं कोणी विचारत नाही. आमच्याकडे कबर कच्ची ठेवतात, मातीचा उंचवटा, त्यावर दगड नाही की नाव नाही. दोन पावसाळे गेले की उंचवटाही बसतो. सासू पलीकडून म्हणाली, "बायकांना काय करायचाय ठिकाण? दुवा पोचते." तिचाही मुलगा गेला होता, म्हणून मी गप्प बसले. पण मला ते माहीत नसणं सहन होत नव्हतं. एकोणीस वर्षं मला त्या माणसाची जागा बोट ठेवून सांगता आली नाही, फक्त देश सांगता यायचा. आता तीन मिनिटांवर येऊन झोपला तरी तेच.

मग इद्दत सुरू झाली. चार महिने दहा दिवस विधवेने घरात राहायचं, साधे कपडे, दागिना नाही, अत्तर नाही, फूल माळायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मी अंगणवाडीत शिकवते, तिथून रजा घेतली. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मला इद्दत बरीच वाटली. बाहेर जाऊन लोकांना तोंड दाखवायचं नव्हतं, तेवढं बरं. पण लोकच तोंड दाखवायला यायचे. बायका यायच्या, मला कवटाळायच्या आणि "सबर कर" म्हणायच्या. सबर करते, दुसरं करण्यासारखं आहे काय, असं जिभेवर यायचं. पाणी पिऊन गिळायची.

पंधरा दिवसांनंतर मात्र भिंती जवळ यायला लागल्या. माझी खोली, स्वयंपाकघर, मागची पडवी, संपलं. दहा वाजता अंगणवाडीतली मुलं ओरडत गल्लीतून जायची. त्यांच्यातल्या कोणाला सर्दी झालीय ते मला आवाजावरून कळायचं, पण दाराशी जाऊन "नाक पूस रे" म्हणायची सोय नव्हती. पडवीच्या पत्र्यावरून पावसाळाभर पाणी गळून खालच्या मातीत एक सरळ चर पडला होता. पागोळीची रेघ. सासूने मला ती रेघ दाखवून ठेवली होती.

"ह्याच्या भायेर पाऊल टाकायचा न्हाय. इद्दतीत बाई उघड्या आभाळाखाली जात न्हाय."

"मां, अंगणाला चारी बाजूंनी भिंत आहे. कोण बघतंय?"

"आभाळ बघतंय ना. मी बसली तवा चार म्हयने धा दिवस आभाळ बघितला न्हाय."

तिचा नवरा गेला तेव्हा माझा नवरा शाळेत होता. ती ह्याच खोलीत बसली होती. हे ती अभिमानाने सांगायची आणि मला तिच्या अभिमानाचा राग यायचा. मी मौलानांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले की भिंतीच्या आतलं अंगण म्हणजे घरच, कामासाठी जायला हरकत नाही. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सासूने सगळं ऐकलं आणि तांदूळ निवडत म्हणाली, "मौलाना काल आला गावात. ही रीत ह्या घराची हाय." सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. नियमाशी भांडता येतं, पण ऐंशीला आलेल्या, मुलाच्या दुःखाने निम्मी झालेल्या बाईशी कसं भांडायचं? मी रेघेच्या आत राहिले.

थंडी पडली. सकाळी पडवीत बसलं की तोंडातून वाफ येण्याइतकी आमच्याकडे कधीच पडत नाही, पण पाय गार व्हायला लागले. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुसली. बी ह्याच थंडीत टाकायला हवं. पुढल्या थंडीपर्यंत ते जिवंत राहील की नाही मला माहीत नव्हतं. उगवलं आणि फुललं तर त्यांच्या हातचं काहीतरी माझी इद्दत संपायच्या सुमारास हाताशी येईल, आणि ते मी स्वतः त्यांच्यापर्यंत नेईन. आत नाही, तर कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत. हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या भावाने इद्दत सरली की मला पनवेलला घेऊन जायचं म्हटलं होतं. रिवाजच आहे, माहेरी चार दिवस जायचं. मी चार दिवसांनी परत येणार की नाही, ते मी ठरवलं नव्हतं. तेही कोणाला सांगितलं नाही.

फोनमध्ये त्यांचा एक जुना ऑडिओ मेसेज होता. मी कधी पूर्ण ऐकला नव्हता, कारण तो फुलांचा होता. आता ऐकला. "बी आपल्या जाडीच्या दुप्पट खोल टाकायचा. जास्त खोल गेला तर वर येत न्हाय. आणि सगळा एकदम टाकायचा न्हाय, अर्धा मागं ठेवायचा." मागे कोणीतरी अरबीत हाक मारत होतं, आणि ते घाईत म्हणाले, "आलो, आलो."

मासळीवाली मागच्या दाराने येते. तिला मी थर्माकोलची खोकी मागितली, बंदरावर बर्फात मासळी भरतात तसली. "खोक्यांत काय पापलेट लावतेस काय?" ती म्हणाली, पण सहा खोकी आणून दिली. दोन दिवस धुतली तरी बोंबलाचा वास गेला नाही. तळाला भोकं पाडली, माती भरली आणि पडवीत पत्र्याखाली मांडली. पत्रा म्हणजे छप्पर, छप्पर म्हणजे घर, सासूला बोलायला जागा नव्हती. अर्धं बी मागे ठेवायचं होतं. मी ठेवलं नाही. पुड्या उघडल्यावर मला घाई सुटली, सगळं टाकून मोकळी झाले. त्यांचं न ऐकायची सवय एकोणीस वर्षांची होती, ती एका ऑडिओने थोडीच जाणार.

पाचव्या दिवशी झिनिया वर आला. मग कॉसमॉस, सगळ्यात शेवटी अ‍ॅस्टर. मी दिवसातून दहा वेळा जाऊन बघायची. कोणी भेटायला आलं की पदर डोळ्याला लावून बसायची आणि ते गेले की पडवीत धावायची. मला लाजही वाटायची त्याची. नवरा जाऊन महिना झालाय आणि ही हिरव्या काड्या मोजतेय. पण त्या महिन्यात मला सकाळी उठायला तेवढं एकच कारण होतं.

पडवीत ऊन येत नव्हतं. रोपं लांबट, फिक्कट झाली आणि सगळी एका बाजूला कलली, ऊन जिकडे होतं तिकडे. खोकी ओढत ओढत मी अगदी रेघेपर्यंत नेली. तरी ऊन हातभर पुढेच, आणि खोकं तिथे ढकललं तर परत ओढायला पाऊल बाहेर पडणार. मी रेघेवर उभी राहायची आणि ऊन हाताने घ्यायची. पलीकडे आठ पावलांवर त्यांनी खणलेले वाफे झावळ्यांखाली तसेच होते. असलं डोकं तापायचं माझं. आठ पावलं. लोक इथून आखातात जाऊन येतात.

मग एक चमत्कार सुरू झाला. रात्री झोप लागायची नाही, म्हणून पहाटेची फजरची नमाज पढून मी पुन्हा आडवी व्हायची. नऊला उठून यायची तर खोकी रेघेच्या अगदी काठाशी असली तरी माती कोमट लागायची. रोपं हळूहळू सरळ झाली, पानं गडद झाली. मला वाटलं ऊन सरकलं असेल. सूर्य दक्षिणेला जातो थंडीत, अंगणवाडीत मी मुलांना शिकवते. मी माझ्याच ज्ञानावर खूश होते.

आणि एका सकाळी बघते तर चार खोक्यांमधली रोपं मान टाकून पडलेली. पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी. मातीवर काहीतरी चमकत होतं. बोटाने उचलून जिभेला लावलं. खडेमीठ.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मी ओरडत आत गेले. सासू चटईवर बसून तसबीहची माळ ओढत होती. मी म्हटलं, "तुम्हाला माझी इद्दत पाळून हवी होती ना? पाळते आहे ना मी? मग त्यांच्या हातचं का मारलंत? तुमच्याच मुलाच्या हातचं होतं ते." आणखीही बोलले. आजवर कोणी कोणाच्या सासूला बोललं नसेल असं बोलले.

तिने माळ खाली ठेवली. मग म्हणाली, "मेली?"

"मेली नाही तर काय. मीठ घातलंय कोणीतरी."

"मीच घातला," ती म्हणाली. "माडाला घालतांत ना, तसा."

आमच्याकडे माडाच्या आळ्यात मीठ घालतात. रोप लावताना घालतात, मोठा झाला तरी घालतात. या किनाऱ्यावर कोणालाही विचारा, माड म्हटलं की मीठ. पुढच्या दाराशी उभा असलेला माड माझा नवरा जन्मला त्या वर्षी लावलेला आहे. त्यालाही मीठ हिनेच घातलं होतं, हे मी लग्न झाल्यापासून शंभर वेळा ऐकलं होतं. तिला फुलझाड माहीत नव्हतं. तिला माड माहीत होता. आणि ती रोपं नीट वाढावीत असं तिला वाटत होतं.

"रोज फजरनंतर उन्हात ढकलते," ती म्हणाली, "तू उठायच्या आदी आत घेते. मनाला बरा वाटतो. वाटला, जरा खत घालूया."

सूर्य वगैरे काही सरकला नव्हता. गुडघ्यांना तेल लावल्याशिवाय जी उठू शकत नाही ती बाई रोज सहा खोकी बाहेर ढकलत होती आणि आत ओढत होती, आणि ज्या कामाला मला बंदी केली ते काम माझ्या नकळत करत होती. मला तिची माफी मागायची होती. माझ्या तोंडातून आलं ते इतकंच, "दोन खोक्यांत का नाही घातलं?"

"बरणीतला मीठ संपला."

चार खोक्यांवर मी कळशीभर पाणी ओतलं, मीठ धुऊन जावं म्हणून. काही उपयोग झाला नाही. कॉसमॉस सगळा गेला. ते फूल मी अजूनही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. एका खोक्यात झिनिया राहिला, एकात अ‍ॅस्टर. मागे ठेवलेलं बी नव्हतं, कारण मी ठेवलं नव्हतं. तेव्हा मीठ तिचं असलं तरी निम्मी चूक माझी, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कबूल करायला दोन दिवस लागले, आणि तेवढे दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रेघेवर खुरपं घेऊन बसले. रोपं खोक्यात दाटली होती, आता जमिनीत गेली नाहीत तर तीही जाणार होती. सासूच्या हातून लावणी होणारी नव्हती, तिला वाकता येत नाही. दिराला फूल आणि गवत यात फरक कळत नाही. मी ठरवलं, आता जायचं. मौलानांनी सांगितलंय. रागाने नाही, सांगून जायचं. मी मान वळवली तर ती मागे उभी होती. हातात माझ्या नवऱ्याची छत्री. आखातातून आणलेली, काळी, दोन माणसं मावतील एवढी. तिने ती पडवीत पत्र्याखालीच उघडली, माझ्या डोक्यावर धरली आणि म्हणाली, "चल."

"मां, पाऊस कुठे आहे?"

"गप ऱ्हव. आभाळ तुला लागला न्हाय म्हंजे झाला."

आठ पावलं आम्ही दोघी एका छत्रीखालून गेलो. मी झावळ्या बाजूला केल्या. माती भुसभुशीत होती, त्यांनी खणली तशीच. मी गुडघ्यांवर बसून एकेक रोप लावत होते आणि ऐंशी वर्षांची बाई डिसेंबरच्या कोरड्या उन्हात माझ्यावर छत्री धरून उभी होती. ती हात बदलायची तशी सावली हलायची. पलीकडच्या बागेत सुपारी काढायला चढलेला गडी आमच्याकडे बघून थांबला असेल तर मला दिसला नाही, माझ्यावर छत्री होती. मला हसू यायला लागलं आणि मग ते रडण्यात गेलं. ती वरून म्हणाली, "रड नंतर. सरळ लाव. हा वाकडा गेला."

त्यानंतर रोज सकाळी हीच वरात. मी पाणी घालायची, ती छत्री धरायची. नव्या रोपांना पहिले आठ दिवस सावली लागते असं त्यांच्या ऑडिओत होतं. ती सावली रोपांना फुकटात मिळाली.

जानेवारीच्या शेवटी झिनिया फुलला. लाल, केशरी, एक तर इतका भडक गुलाबी की पांढऱ्या कपड्यांत त्याच्यासमोर उभं राहायला मला संकोच वाटला. गल्लीतली एक बाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "दोन दे ना, लग्नाला माळून जाते." मी सरळ नाही म्हटलं. फूल म्हटलं की आमच्याकडे देठ खुडून टाकतात, गजरा करतात, नाहीतर पाकळ्या करून उधळतात. नवरा मात्र फोनवर नेहमी सांगायचा, हातभर देठ ठेवून काप, खालून काप. जेवढं कापशील तेवढं झाड देतं, कापलं नाहीस तर थांबतं. मला कापवत नव्हतं. आठ दिवस नुसती बघत राहिले, आणि खरंच नव्या कळ्या यायच्या थांबल्या. मग कात्री घेतली. पहिली पाच फुलं स्टीलच्या तांब्यात खोलीत ठेवली. सासू तांब्यासमोर येऊन उभी राहिली.

"खायची न्हाय, माळायची न्हाय. नुसती बघायची?"

"इद्दतीत चालत नसेल तर काढते."

"अंगावर न्हाय ना," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

दिराच्या हातून मी एकदा दहा फुलं कब्रस्तानात पाठवली. परत आल्यावर विचारलं तर म्हणाला, "टाकल्या पाकळ्या." रिवाजाप्रमाणे त्याने खुडून पसरल्या होत्या. त्याची काही चूक नव्हती. पण मी ठरवलं, आता दुसऱ्याच्या हातून नाही. रोज नमाज झाल्यावर मी खोलीच्या खिडकीतून दिसणाऱ्या कब्रस्तानातल्या आंब्याच्या शेंड्याकडे तोंड करून त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. आज किती कळ्या आल्या ते सांगायची. आता माझी पाळी होती फुलं दाखवायची.

फेब्रुवारी सरता सरता ऊन चढलं. विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं, खाडी जवळ असल्याने दर वर्षी लागतं. अ‍ॅस्टरच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या होत्या. मला रात्रंदिवस तोच घोर. मीठ एकदा वरून आलं होतं, आता खालून येत होतं. पिण्यासाठी आणलेल्या नळाच्या पाण्यातली एक कळशी मी चोरून वाफ्यावर घालायची. पुढे कळलं की सासूसुद्धा नमाजाआधी हातपाय धुवायच्या, तिच्या वजूच्या पाण्यातून तांब्याभर वाचवून घालत होती. शेवटच्या आठवड्यात अ‍ॅस्टर उघडला. जांभळा आणि पांढरा.

इद्दत सरली त्या सकाळी भाऊ गाडी घेऊन आला, नवे कपडे आणले. मी आंघोळ करून ते घातले, नमाज पढले. मग बादली घेऊन वाफ्यावर गेले आणि फुलं कापली, खालून, हातभर देठ ठेवून. सासूने विचारलं नाही कुठे चालली म्हणून. ती चपला घालून आधीच दाराशी उभी होती. कित्येक वर्षांत ती दवाखान्याशिवाय कुठे गेलेली नव्हती. हातात छत्री.

"मां, आता छत्री कशाला?"

"सवय झाली."

तीन मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाव तास लागला. कब्रस्तानाची भिंत कमरेएवढी आहे. राखणदार म्हातारा आत सुकलेली पानं गोळा करत होता. मी त्याला हाक मारली, बादली भिंतीवरून दिली आणि माझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

"पाकळ्या करून टाकू?" त्याने विचारलं.

"नको. देठासकट. मातीत खोचून उभी करा."

त्याने असं कधी केलेलं नव्हतं, पण तो गेला. मी आंब्याकडे बघत होते. तो आंब्याकडे गेलाच नाही. आंब्याला वळसा घालून तो आमच्याच बाजूला आला, भिंतीच्या कडेला, आमच्यापासून दहा-बारा पावलांवर, आणि तिथे वाकून एकेक फूल मातीत रोवायला लागला. लाल, केशरी, जांभळं. तपकिरी मातीवर उभा रंग. लांबूनही चुकला नसता. मी इतके दिवस भलत्याच बाजूला तोंड करून बोलत होते.

"इतक्या जवळ," मी म्हटलं.

सासू भिंतीला हात टेकून बघत होती. बादलीत चार-पाच फुलं उरली होती. राखणदार ती परत द्यायला आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "आता ह्याच्या बापाची दाखव."

म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघितलं. "चाची, ती माज्या आदीची. तिथं मागनं दुसरी पण झाली असतील. कशी सांगू?"

"बरा," ती म्हणाली. ठिकाण काय करायचंय म्हणणारी बाई. मी तिच्याकडे बघितलं नाही, तिला ते आवडलं नसतं. उरलेली फुलं तिने स्वतःच्या हातात घेतली आणि आम्ही परत आलो.

घरी भाऊ माझी बॅग गाडीत ठेवत होता. सासू थेट मागच्या अंगणात गेली, छत्री पडवीत टेकवून, आणि वाफ्याजवळ उभी राहून तिने मला हाक मारली. बरीच फुलं अजून झाडांवर होती.

"ही सगळी कापू नको," ती म्हणाली. "वाळू दे चार. बी काढ."

"काढीन, मां."

"आणि अर्धा मागं ठेव. मी ऐकला हाय, तो सांगत व्हता तुज्या फोनात."

"ठेवीन."

"मी जाईन तवा माज्यावर पाकळ्या टाकू देऊ नको कोनाला. अशीच उभी लावायला सांग."

"मां, असलं काय बोलता."

"न्हायतर तुला कसा कळेल गो, मी कुठं हाय ती?"

मी माझ्या जुन्या पांढऱ्या ओढणीची कड फाडली आणि सगळ्यांत चांगल्या चार झाडांना चिंध्या बांधल्या, म्हणजे ती कोणी कापणार नाही. मग पुढे जाऊन भावाला सांगितलं की चार दिवसांनी मला परत आणून सोडावं लागेल, बी वाळायला येईल.